ग्रॅनाइट मोडतो तेव्हा

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर पेरनपोर्थ हे गाव आहे. तिथून समुद्रकाठच्या पायवाटेने निघाले की क्लिगा हेडचा कडा लागतो. जुन्या खाणींची तोंडे, गंजलेल्या रंगाची माती, खाली अटलांटिकच्या लाटा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात वाढलेल्या मला ग्रॅनाइट म्हणजे देवळाचा खांब, किचनचा ओटा, एवढेच ठाऊक होते. इथे कड्याला हात लावला आणि बोटांवर पांढरी भुकटी आली. फेल्डस्पारची चिनी माती झाली होती. गारगोटीचे दाणे तेवढे खरखरत उरले होते.

त्या मऊ दगडातून एकमेकांना समांतर असे करडे पट्टे खालपर्यंत गेले आहेत. हे पट्टे टणक आहेत. जवळ वाकून पाहिले तर प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध गारगोटीची बारीक शीर दिसते आणि तिच्यातच कुठे कुठे काळी खनिजे चमकतात. कथील आणि टंगस्टनसाठी दुसऱ्या महायुद्धातही इथे खाणकाम चालले, ते या शिरांपायीच.

कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट सुमारे २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वी शिलारसातून थिजला. थिजताना साध्या खनिजांच्या स्फटिकांत कथील, टंगस्टन, युरेनियम, लिथियम यांना सहसा जागा मिळत नाही. म्हणून ते शेवटच्या उरल्यासुरल्या रसात आणि पाण्यात साठत जातात. त्या पाण्याचा दाब वाढला की वरचा थिजलेला दगड तडकतो. भेगांतून चढणारे तीन-चारशे अंशांचे, फ्लोरिन आणि बोरॉनने तिखट झालेले पाणी दोन्ही बाजूंचा फेल्डस्पार खाऊन टाकते. त्या जागी गारगोटी आणि पांढरे अभ्रक बसते. या दगडाला ग्रायझेन म्हणतात; क्लिगाचे करडे पट्टे ते हेच.

युरेनियमची चाल वेगळी. साधारण ग्रॅनाइटच्या दहा लाख भागांत ते चारेक भाग असते. त्यातले झिरकॉनच्या दाण्यांत अडकलेले युरेनियम सहजी सुटत नाही. युरॅनिनाइटच्या कणांतले मात्र ऑक्सिजन मिसळलेल्या पाण्याला लगेच वश होते आणि कार्बोनेटच्या सोबतीने लांबवर वाहत जाते. वाटेत गंधकाची खनिजे किंवा ऑक्सिजन हिरावून घेणारे दुसरे काही भेटले की ते विरघळलेले राहू शकत नाही. भेगेच्या भिंतींवर पिचब्लेंड हे त्याचे काळे, जड खनिज बसते. मोडलेला, सच्छिद्र दगड पाण्याला वाट देतो आणि तोच त्याला थांबायला जागाही देतो. अखंड ग्रॅनाइटमध्ये कितीही धातू असो, तो विखुरलेलाच राहतो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे.

कॉर्नवॉलमध्येच सेंट स्टीफनजवळ साउथ टेरस ही खाण मुख्यतः युरेनियमसाठी चालली. आधी काच रंगवायला आणि पुढे रेडियमसाठी तिथला दगड काढला गेला.

मध्य फ्रान्समधल्या लिमूझँ प्रांतातली गोष्ट तर आणखी नवलाची. तिथल्या काही ग्रॅनाइटमधली गारगोटीच गरम पाण्याने विरघळवून नेली. उरला तो स्पंजासारखा भोकाभोकांचा दगड, एपिसायनाइट. पुढे त्याच पोकळ्यांत युरेनियम भरले. १९४८ मध्ये ला क्रूझीय इथे साठा सापडला आणि फ्रान्सच्या अणुकार्यक्रमाला घरचे युरेनियम मिळाले. याच प्रांतातली, देशातली शेवटची युरेनियम खाण २००१ मध्ये बंद झाली.

जे युरेनियम गोळा झाले नाही ते दगडात अजून आहेच. त्याच्यापासून बनणारा रेडॉन वायू कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटमधून घराघरांत शिरतो. तिथे झोपण्याच्या आणि बसण्याच्या खोलीत छोटी प्लास्टिकची मापके तीन महिने ठेवून तपासणी करतात. हवेच्या घनमीटरला २०० बेकरेलपेक्षा वरचा आकडा आला, तर जमिनीखालची हवा पंख्याने बाहेर काढण्यासारखी सोय करण्याचा सल्ला देतात.

सेंट ऑस्टेलच्या आसपास, क्लिगासारखाच पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर मऊ झालेला ग्रॅनाइट अडीचशे वर्षे चिनी मातीसाठी धुतला जातो आहे. तिथे माती महत्त्वाची होती, अभ्रकाला फारसे मोल नव्हते. आता सेंट डेनिसजवळच्या ट्रेलाव्हर या जुन्या खाणीवर त्याच ग्रॅनाइटच्या अभ्रकातले लिथियम काढून पाहणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला आहे.