सल्ला नको, हिशेब मागा

समाजशास्त्राचं एम.ए. हातात पडलं तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको एकाच प्रश्नापाशी अडकलो होतो. नोकरी धरायची की पूर्णवेळ वस्तीत काम करायचं? दोन्ही घरांत आमच्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलेलं नव्हतं. विचारायचं कुणाला?

प्रस्थापितांच्या घरात हा प्रश्न जेवता जेवता सुटतो. काका बँकेत, मामा प्राध्यापक, आत्या मंत्रालयात. घरात फुकट मिळालेल्या या माहितीलाच पुढे 'गुणवत्ता' म्हटलं जातं. आपले आईबाप पोटाला चिमटा घेऊन शिकवतात, पण पुढची वाट त्यांनीही पाहिलेली नसते. म्हणून वाट दाखवणारं माणूस भेटणं हा नशिबाचा नाही, जातीचा प्रश्न आहे. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजसाठी त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बुद्धी आणि कष्ट बाबासाहेबांचेच, पण दार कुठे आहे हे सांगणारं माणूस त्यांनाही लागलं.

आम्हीही विचारत फिरलो. एक नातेवाईक म्हणाले, "सरकारी नोकरी बघा, चळवळीनं पोट भरत नाही." एक कार्यकर्ते म्हणाले, "नोकरी म्हणजे गुलामी, झोकून द्या." दोघांनीही आदेश दिला. स्वतःचं काय झालं, ते कुणीच सांगितलं नाही.

शेवटी विहारात रोज वंदनेला येणाऱ्या एका बाबांच्या घरी गेलो. नामांतराच्या लढ्यात ते तुरुंगात जाऊन आलेले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. मधल्या सोळा वर्षांत या माणसाचं तारुण्य सरलं. आम्हाला वाटलं, हे 'लढा' म्हणतील.

बाबा म्हणाले, "काय करा ते सांगणार नाही. मी काय केलं ते सांगतो." त्यांच्या थोरलीची शाळा सातवीत सुटली, धाकट्यांना सांभाळायला. "लढलो त्याचं दुःख नाही. पण पोरीची शाळा वाचवता आली असती. मी घरात विचारलंच नाही."

चुलीपाशी बसलेल्या आजी तेव्हा बोलल्या. "हे आत गेले तेव्हा भेटायला गाडी भरून माणसं जायची. घरात पीठ हाय का, एकानं इचारलं नाही. म्या रोजगार हमीवर खडी फोडली." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं घर कोण चालवणार? का तेबी हिच्यावरच?"

आम्ही गप्प. कारण न बोलता आम्ही तेच धरून चाललो होतो: तो चळवळ करेल, ती पगार आणेल.

त्या रात्री पहिल्यांदा वही उघडून घरखर्च मांडला. ठरलं की तीन वर्षं त्यानं नोकरी करायची, तिनं वस्तीत काम, मग अदलाबदल. घरकाम निम्मं-निम्मं. भांडणं झाली, अजूनही होतात, पण ठरल्याप्रमाणे अदलाबदल झाली.

बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितलं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू म्हणतो म्हणून मानू नका. हे आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्याच उपदेशात बुद्ध असंही म्हणतात की एखादी गोष्ट हिताची आहे का, हे स्वतः पारखताना जाणती माणसं तिला काय म्हणतात तेही पाहा. हा अर्धा भाग आपण विसरतो. मोठ्यांचं ऐकायचं, पण निकाल म्हणून नाही, पुरावा म्हणून. पारखायचं आपणच.

मित्रांनो, आपण ज्येष्ठ कार्यकर्त्यांना जयंतीला शाल घालतो, दोन शब्द बोलायला लावतो आणि खाली उतरवतो. त्यांच्या घरी जाऊन तीन प्रश्न विचारा. तुम्ही काय केलंत? त्याची किंमत कुणी मोजली? आज पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल? आणि दुसरा प्रश्न घरातल्या बाईला आधी विचारा. खरं उत्तर बहुतेक वेळा तिच्यापाशीच असतं.

नामांतराच्या वेळी विशीत असलेली ही पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या अनुभवाचं पुस्तक कुणी छापलेलं नाही. उशीर करू नका.

जयभीम!