डबा, प्रतापगडची वाट आणि अम्मींचे गुडघे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात एका डब्यावरून चांगलीच वादावादी झाली. डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. माझ्या दिरांचे गोंदियात वेल्डिंगचे दुकान आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेतीची अवजारे, खिडक्यांच्या जाळ्या असे त्यांचे काम. टाळेबंदीत दुकान थंड पडले, तेव्हा त्यांनी कागदपत्रे पूर्ण असलेला एक जुना दोन चाकांचा ट्रेलर घेतला आणि त्यावर पत्र्याची एक छोटी खोली उभी केली. आत दोघांना पुरेल असा पलंग, मागच्या बाजूला उघडणारा स्वयंपाकाचा ओटा, साठ लिटर पाण्याची टाकी आणि पडद्याआड कमोडची खुर्ची. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा दिरांनी ती बातमी कापून दुकानाच्या भिंतीवर चिकटवली. जणू मंत्रिमंडळाने ती त्यांना विचारूनच घेतली होती! घरात मात्र सगळे त्याला डबाच म्हणतात.

डबा तीन वर्षे अंगणात उभा होता. तो बाहेर काढायचे कारण अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना प्रतापगडला जायचे होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते आणि दोन्हीकडे दोन्ही समाजांची माणसे दिसतात. अम्मी तिथे शेवटच्या गेल्या त्या अब्बांबरोबर, तीस वर्षांपूर्वी, धानाच्या ट्रकमध्ये बसून. आता अब्बा नाहीत आणि अम्मींचे गुडघे असे झाले आहेत की जमिनीवर बसता येत नाही, नमाजही खुर्चीवर बसूनच होते. तासाभरापेक्षा जास्त वेळ गाडीत बसल्या की पाय सुजतात. वाटेत बायकांसाठी स्वच्छ जागा मिळेल याची खात्री नसते. अशा माणसासाठी पाठीमागे आपला पलंग, आपले पाणी आणि आपला कमोड असणे ही चैन नव्हे.

वाद सुरू झाला तो दिरांच्या एका वाक्याने. "भाभी, चाके उचलल्याशिवाय हा डबा तिकडे नेऊ नका. तो शहरातल्या रस्त्याचा आहे."

त्यांनी वहीच्या पानावर हिशेब मांडला. धुरा सध्या पाट्यांच्या वर आहे, तो खाली घ्यायचा, म्हणजे ट्रेलर चार-पाच इंच उंच होईल. पाटे जाड टाकायचे. चिखलाचे खोल नक्षीचे टायर. मागेपुढे आणि आडवा-तिडवा फिरणारा नवा हुक. घरचे काम म्हणून मजुरी नाही, नुसत्या सामानाचे अडतीस हजार. माझ्या भिशीचे चाळीस हजार त्याच महिन्यात उघडले होते, हे त्यांना बहुधा माहीत असावे. माझे पती भावाच्या बाजूने. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे मला मोजल्याशिवाय काही पटत नाही. आणि खरे सांगायचे तर पैसे माझे होते.

मग रविवारी अंगणात टेप घेऊन बसलो. आमची बोलेरो पुढे, डबा मागे. ट्रेलरला दिरांनी आधीच बोलेरोच्या मापाची पंधरा इंची चाके लावली होती, ही त्यांची शहाणी गोष्ट, कारण एकच स्टेपनी दोघांना चालते. बोलेरोच्या मागच्या धुऱ्याच्या मधोमध डिफरन्शिअलचा गोळा लोंबतो, तीच तिची सर्वांत खालची जागा. ट्रेलरच्या धुऱ्याला असा गोळा नसतो, नुसता सरळ पाइप. चाके सारखी असली तर ट्रेलरचा धुरा गाडीच्या पोटापेक्षा वरच राहतो. म्हणजे दगडावर आधी गाडी आपटेल, डबा नंतर. मग डबा उंच करून काय मिळणार? गाडी अडकल्यावर तो मागे ऐटीत उभा राहील, एवढेच.

दिरांना हे पटले, पण त्यांनी मागचे टोक दाखवले. तिथे गोम होती. पाण्याची टाकी आणि घडीची पायरी मागच्या बाजूला, चाकांपासून लांब, आणि पायरीचे लोखंड जमिनीपासून जेमतेम सात इंचांवर. मी शाळेत मुलांचे वजन करायचा काटा आणला होता, तो हुकाखाली ठेवला. भरलेल्या डब्याचे एकूण वजन साडेचारशे किलोच्या आसपास, आणि हुकावर भार फक्त बावीस किलो. ट्रेलरच्या वजनाचा निदान दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. तो कमी असला की वेगात शेपूट डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागते आणि मग गाडीही हातात राहत नाही. उंची वाढवली असती तर हीच झोकांडी आणखी वाढली असती. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. दिरांचे म्हणणे, "चार इंच कोण मोजतंय?" मी म्हटले, "अपघात झाल्यावर विमावाले मोजतात."

तरी निकाल लागला नाही. शेवटी ठरले की अम्मींना न नेता एकदा डबा घेऊन वाट पाहून यायची.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी फज्रनंतर निघालो. गोरेगाव, तिथून कोहमारा, मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडून नवेगावबांध. रस्ता डांबरी. धान कापून झालेले, बांध्यांत कडपा पडलेल्या, कुठे पुंजणे उभे राहिलेले. इकडे डबा कसा चालतो ते कळायला खड्डा लागत नाही, गावाबाहेरचे गतिरोधक पुरतात. नवेगावबांधला तलावाकाठी थांबलो. कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा बांध घातला असे सांगतात. मारुती चितमपल्लींनी इथे वनाधिकारी म्हणून काढलेले दिवस मराठी वाचकांना ठाऊक आहेतच. डिसेंबर २०१३ पासून हे जंगल नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्पात आले. म्हणजे ज्या जंगलाच्या नावाने आम्ही चाके उचलायचे बोलत होतो, तिथे आपला डबा न्यायचा प्रश्नच नव्हता. फाटकावर नाव नोंदवायचे, गाईड घ्यायचा आणि सफारीच्या गाडीत बसायचे. (दरेकसाचा हाजरा धबधबा यादीत होता, तोही मी कापला. गोंदियाहून डोंगरगडकडची पॅसेंजर दरेकसा स्टेशनला थांबते. तिथे डबा ओढत न्यायचे कारणच काय?)

प्रतापगडपर्यंतही अडचण आली नाही. अडचण आम्हीच शोधून काढली. मुक्कामाला निवांत जागा हवी म्हणून पतींनी गाडी एका पांदण रस्त्यावर घातली. पुढे एक बोडी दिसत होती, तिच्या काठावर डबा लावायचा विचार. मुरूम घट्ट होता. पण मध्ये कोणीतरी पाणी काढायला रस्ता आडवा खणलेला, दीड हात रुंद. बोलेरो उतरून चढली. डब्याची दोन्ही चाके एकदम त्या चरात बसली आणि मागची पायरी मातीत रुतली. पुढे जाईना, मागे येईना. दिरांचा चेहरा उजळला. "बघा भाभी!"

शेजारच्या बांधीतून एक म्हातारे शेतकरी आणि त्यांचा नातू आले. त्यांनी आधी डब्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. "मास्तरीणबाई," (आम्ही कोण ते विचारून झाले होते) "चरातून बंडी सरळ नाही नेत. तिरपी न्यायची. एक चाक उतरलं की दुसरं वर राहते." मग पायरीचे दोन बोल्ट काढले, टाकीतले पाणी सोडले, पाचजणांनी मागून रेटा दिला, आणि गाडी तिरपी घेतल्यावर डबा सहज वर आला. बंडीचे मोठे चाक मी लहानपणापासून पाहत आले, पण ते चिखलातून कसे न्यायचे हे कधी कोणाला विचारले नव्हते.

म्हाताऱ्यांनी विचारले, "पण तिकडे जाता कशाला? रात्री बाया माणसं घेऊन बोडीवर काय करता? इकडे खळ्यावर लावा." त्यांच्या घराशेजारचे खळे सारवून टणक केलेले, सपाट. वीस पावलांवर हातपंप, दारात बल्ब. तिथेच दस्तरखान अंतरला. घरून आणलेला खिमा आणि त्यांनी दिलेली वांग्याची भाजी. रात्री थंडी पडली आणि दीर पहिल्यांदाच आपण बांधलेल्या खोलीत झोपले. सकाळी म्हणाले, "पाटे जाड टाकले तर रिकामा डबा उड्या मारेल. आताच बरण्या आपटत होत्या." हे मी नाही, ते बोलले.

परत आल्यावर टाकी मागून काढून चाकांच्या किंचित पुढे बसवली. हुकावर आता पंचावन्न किलो येतात. घडीची पायरी काढून टाकली, तिच्या जागी आत ठेवायचा लाकडी स्टूल. चाकांचे बेअरिंग उघडून ग्रीस भरले. ते तीन वर्षांत कोणी पाहिलेच नव्हते, आणि खरा धोका तोच होता. हुकाशेजारी साखळी लावली. सगळे मिळून दोन हजार सातशे. कच्च्या वाटेवर टायरची थोडी हवा काढायची आणि डांबरावर येताच पुन्हा भरायची, यासाठी पायाचा पंप घरात होताच.

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी अम्मींना घेऊन निघालो. डब्याची फळी जमिनीपासून बावीस इंचांवर आहे. स्टुलावर एक पाय, दारातल्या कडीला एक हात, आणि त्या वर. दीर बाजूला उभे राहून पाहत होते. चार इंच वाढले असते तर मध्ये आणखी एक पायरी लागली असती, आणि दुसऱ्या पायरीवर अम्मींचा गुडघा वळत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळले असावे. ते काही बोलले नाहीत. स्टूल मात्र त्यांनी स्वतः उचलून आत ठेवला.

अर्थात चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचे नाही, हा नियम आम्ही पाळला. अम्मी बोलेरोत बसल्या आणि दर तासाला डबा उघडून पाय लांब करून पडल्या. प्रतापगडला त्यांनी फातिहा पढली. मग इटियाडोह धरणाकडे गेलो, गाढवी नदीचे पाणी पाहिले. तिथून जवळच नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची. अम्मी तिथल्या एका आजीशी बराच वेळ बोलत राहिल्या. एकीची हिंदी दुसरीला किती कळली ते अल्लाह जाणे, पण दोघींनी आपापले गुडघे एकमेकींना दाखवले.

मुक्काम त्याच खळ्यावर. यावेळी जाताना आम्ही दहा किलो तांदूळ आणि नातवासाठी कंपासपेटी नेली होती. म्हाताऱ्यांनी डब्याखाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "शेपूट कापली वाटते."

भिशीचे उरलेले पैसे अजून तसेच आहेत. दीर म्हणतात, डब्याच्या छताला आतून थर्माकोल लावला तर उन्हाळ्यातही नेता येईल. मी टेप शोधते आहे.