मोजकें सामान

जुन्या संगणकाची डिस्क लहान. म्हणून त्यावर आम्हीं डेबियन ही कार्यप्रणाली बसविण्याचें ठरविलें. १९९३ सालीं इयान मर्डॉक यांनीं आरंभिलेल्या या प्रणालीच्या भांडारांत आज ६०,००० हून अधिक पॅकेजें विनामूल्य मिळतात. बसविण्याच्या अखेरीस एक यादी पुढें येते: डेस्कटॉप हवा काय? वेब सर्व्हर हवा काय? फुकट मिळतें म्हणून सारेंच घ्यावें, हा मोह कोणास होणार नाहीं?

आम्हीं केवळ सामान्य साधनांच्या ओळीवर खूण केली. यंत्र सुरू झालें तों समोर काळा पडदा व नांव विचारणारी एक ओळ, इतकेंच! पुढें जें जें लागलें तें तें 'ॲप्ट' या आज्ञेनें मागविलें. त्यास आधारभूत असलेलीं पॅकेजेंही तिनें आपण होऊन आणिलीं. जो प्रोग्रॅम ठेविलाच नाहीं, त्यास जागा लागत नाहीं, त्याची डागडुजी करावी लागत नाहीं, आणि त्याच्या छिद्रांतून चोरही शिरत नाहीं.

संसार मांडतांना सारा बाजार घरीं आणणें हें सुगृहिणीचें लक्षण नव्हे. विद्यार्थिबंधूंनो, आधीं गरज ओळखावी, मग वस्तु मागावी. म्हणजे घरांतील प्रत्येक वस्तूचें प्रयोजन आपणांस सांगतां येतें.