माणशी अर्धा एकर

नववीच्या मुलांची सहल यंदा कुठे न्यायची, यावर स्टाफरूममध्ये बराच खल झाला. किल्ला, समुद्र, वॉटर पार्क अशी सगळी नावे निघाली. आम्ही नायगाव म्हणालो, तेव्हा सर्वांना सावित्रीबाईंचे नायगाव आठवले. ते सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. आम्ही म्हणत होतो ते पुणे जिल्ह्यातले, पुरंदर तालुक्यातले.

"तिथे पाहण्यासारखे काय आहे?" एका सहकाऱ्याने विचारले.

"पाण्याची वाटणी," आम्ही म्हणालो. सगळे हसले, पण मुख्याध्यापकांनी परवानगी दिली.

जानेवारीतल्या एका सकाळी दिवे घाट चढून आमची बस सासवडला पोहोचली. रस्त्याकडेला पाट्यांमध्ये अंजिरे मांडलेली होती. कुरआनात एक सूरह अंजिराच्याच नावाची आहे, हे एका मुलाने लगेच सांगितले आणि त्या आनंदात दोन किलो अंजिरे बसमध्येच संपली. सासवड सोडून पूर्वेला निघालो, तशी हिरवळ विरळ होत गेली. उघड्या टेकड्या, खुरटी बाभूळ, पांढुरकी जमीन. हा पर्जन्यछायेचा मुलूख. याच तालुक्यातून कऱ्हा नदी वाहते. वर्षातले कित्येक महिने तिच्या पात्रात पाणी शोधावे लागते. आणि २०१९ च्या सप्टेंबरात एका रात्रीत तिला असा पूर आला की काठावरची घरेदारे, गुरेढोरे वाहून गेली. दुष्काळ आणि पूर ही दोन वेगळी संकटे आहेत, असे आम्ही वर्गात शिकवत आलो. उघड्या टेकडीवरून पाणी थांबल्याशिवाय धावते, म्हणून पूर येतो. आणि ते थांबले नाही, म्हणूनच पुढे दुष्काळ पडतो. हे फळ्यापेक्षा बसच्या खिडकीतून लवकर समजते.

१९७२ च्या दुष्काळात या भागातली माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती. पुण्याचे इंजिनिअर आणि कारखानदार विलासराव साळुंखे यांनी ते पाहिले. मदतीचे धान्य वाटून ते परत जाऊ शकले असते. पण १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली, नायगावात देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताईंसह कामाला लागले. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खोदली आणि तिचे पाणी उचलून वरच्या शेतांना दिले. पडलेला पाऊस जमिनीत मुरवायचा, मग मोजून वापरायचा, एवढाच हिशेब. ज्या माळावर कुसळे उगवत होती, तिथे धान्य पिकू लागले. मग आजूबाजूच्या गावांतूनही मागणी आली आणि त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली.

तिचे नियम आम्ही मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगितले. योजना एकट्याची नाही, गटाची. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने: माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येत नाही. खर्चातला वीस टक्के वाटा शेतकऱ्यांनी घालायचा. निम्मे सरकारी अनुदान आणि उरलेले संस्थेचे बिनव्याजी कर्ज. आपण ज्याला कर्ज-ए-हसना म्हणतो, तेच इथे मोटारी आणि पाइपांच्या रूपाने शेतात उतरले. पाणी सोडायला गटाचाच पाटकरी, म्हणजे भांडणही घरचे आणि निवाडाही घरचा.

शेवटचा नियम असा, की भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे.

"सर, ज्याला जमीनच नाही, तो पाणी घेऊन काय करणार?" आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले.

बांधावर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने उत्तर दिले, "पोरी, जमीनवाल्याकडं जमीन जास्त अन् पाणी थोडं. बिनजमीनवाला आपलं पाणी घेऊन त्याच्याकडं जातो, दोघं वाट्यानं पिकवतात. हातात पाणी असलं की माणूस मागायला जात नाही, बोलणी करायला जातो."

मग तेच पुढे म्हणाले, की सगळ्या योजना टिकल्या नाहीत. विजेची बिले थकली, कुठे उसाचा मोह सुटेना, कुठे माणसेच पांगली. साळुंखेही २००२ साली गेले. "नियम सोपा हाय," ते म्हणाले, "पाळायला दर साल नव्यानं मन करावं लागतं."

परतीच्या वाटेवर मुले अंताक्षरी खेळत होती. आमचे चित्त मात्र बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात होते. अब्बांची तिथे एक विहीर आहे. आजोबांनंतर जमीन वाटली गेली, तेव्हा फूफीचा हिस्सा तिच्याकडून 'माफ' करून घेतला. अंगठा तिचा होता, शब्द घरातल्या पुरुषांचे होते. विधवा झाल्यावर ती गावातच येऊन राहिली. आमच्याच विहिरीवरून घागर भरताना आजही ती आधी विचारते, "बेटा, भरू का?" आम्ही मोठ्या मनाने "भरा की" म्हणतो आणि वर्गात येऊन वारसाहक्काच्या आयती मुलांना समजावतो.

अल्लाहने जो हिस्सा ठरवून दिला, तो आम्ही मेहेरबानी करून टाकला होता. एका परक्या माणसाने माळरानावर घरातली माणसे मोजली, बायका आणि लेकरे धरून. आम्ही घरात फक्त एकर मोजले.

रात्री भाईजानना फोन लावला. नायगावचे सगळे सांगितले. मग म्हणालो, "फूफीच्या हिश्श्याचं काय करायचं?"

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. शेवटी ते म्हणाले, "रमजानच्या आधी ये. कागद काढून बसू."

आम्ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.