व्यवसाय : ग्रंथपाल

ग्रंथपालाला परदेशातून बोलावून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला संस्थानच्या नोकरीत आणले. चार वर्षांपूर्वीच, १९०६ साली, संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू झाले होते. शिकलेली मुले पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यामागोमाग आलाच. बोर्डन तीन वर्षे राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडणी केली, बडोद्यापुरते एक स्वतंत्र वर्गीकरण तयार केले, प्रशिक्षणवर्ग चालवला, पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठवण्याची व्यवस्था उभारली आणि १९१३ साली ते मायदेशी परतले. पुढे १९१५ मध्ये एसा डॉन डिकिन्सन हे दुसरे अमेरिकन ग्रंथपाल लाहोरच्या पंजाब विद्यापीठात आले. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात ही नावे परीक्षेपुरती येतात आणि जातात. या माणसांना परक्या मुलखात कोणाच्या शब्दावर राहता येत होते, आणि तो शब्द फिरला असता तर त्यांचे काय झाले असते, याविषयी पाठ्यपुस्तके काही सांगत नाहीत. मला मात्र नेमके तेच जाणून घ्यावेसे वाटते. कारण २००८ ते २०२३ अशी पंधरा वर्षे मीही दुसऱ्याच्या शब्दावर परक्या देशात ग्रंथपाल होते.

बोर्डन यांना महाराजांनी बोलावले होते. मला कोणी बोलावले नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल होते. शाळेची पटसंख्या पूर्णवेळ पदाच्या निकषात बसत नव्हती. 'अर्धवेळ' हा शब्द महाराष्ट्रातल्या शालेय ग्रंथपालांना समजावून सांगावा लागत नाही. वेळ अर्धा, पगार अर्धा, आणि काम मात्र पूर्ण. शिवाय कोणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा तास, परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षण, निवडणुकीच्या दिवसांत याद्या. दुबईतल्या एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेची जाहिरात वर्तमानपत्रात आली तेव्हा तिच्यातले 'पूर्णवेळ' हे विशेषण मी दोनदा वाचले. पगार साडेतीन हजार दिरहम होता, म्हणजे तेव्हाच्या दराने चाळीस हजार रुपयांच्या आसपास. राहण्याची सोय शाळेची होती.

त्यानंतर चार महिने माझ्या बी.लिब.च्या पदवीचा प्रवास चालला. विद्यापीठाने ती खरी असल्याचे लिहून दिले, मंत्रालयाने विद्यापीठाची सही खरी असल्याचे सांगितले, परराष्ट्र खात्याने मंत्रालयाची, आणि वकिलातीने परराष्ट्र खात्याची. पदवीची पाठची बाजू शिक्क्यांनी भरून गेली. पुस्तकावर दाखलक्रमांकाचा शिक्का मारणे हा ज्यांचा रोजचा व्यवहार, त्यांना या प्रकाराची गंमत वाटावी. पुस्तक एकदा दाखल झाले की ते ग्रंथालयाचे होते. माणसाचे तसे होत नाही.

आखातात परक्याचे राहणे आणि त्याची नोकरी एकाच खुंटीला बांधलेली असते. जो नोकरी देतो तोच राहण्याची परवानगी मिळवून देतो. बोलीभाषेत त्याला 'कफील' म्हणतात. आपल्याकडचा जवळचा शब्द जामीनदार. माणसाची हमी घेणारा असा त्याचा मूळ अर्थ, आणि तो वाईट नाही. अडचण अशी की हमी घेणारा आणि काम घेणारा एकच असतो. नोकरी संपली की परवाना रद्द, आणि त्या काळी साधारण तीस दिवसांत देश सोडणे किंवा नवा कफील शोधणे भाग असे. परवान्याची मुदत माझ्या वेळी आधी तीन वर्षांची होती, पुढे ती दोन वर्षांची झाली. दर नूतनीकरणाला रक्ततपासणी, छातीची क्ष-किरण तपासणी आणि पारपत्रावर नवा कागद. ग्रंथालयात आम्ही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीची तारीख मारतो. माझी परतीची तारीख माझ्या पारपत्रात होती, आणि ती पुढे ढकलावी की नाही हे दुसराच कोणी ठरवत असे.

त्या कागदावर एक रकाना असे : व्यवसाय. माझ्या रकान्यात 'ग्रंथपाल' असे लिहिले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी कागदावर त्या शब्दामागे 'अर्धवेळ' नव्हते. पण त्या रकान्याचा दुसराही एक उपयोग होता. त्या काळी नोकरी करणाऱ्या स्त्रीला आपले कुटुंब सोबत आणायचे असेल तर शिक्षिका, डॉक्टर, परिचारिका, अभियंता अशा मोजक्या व्यवसायांचाच साधारणतः विचार होई. पुरुषाच्या बाबतीत हा आडपडदा बराच सैल असे. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेच्या कार्यालयातला एक सज्जन कारकून म्हणाला, "मॅडम, रकान्यात शिक्षिका लिहून घ्या, पुढे सोपे जाईल." पण शिक्षिका म्हणून मंजुरी मिळवायला बी.एड. लागे, आणि ते माझ्याकडे नव्हते. ज्या शब्दासाठी मी आले होते त्याच शब्दाने मुलीला साताऱ्यात ठेवले.

मी सकाळी दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवत असे आणि माझी मुलगी तिच्या वडिलांकडे वाढत होती. इंटरनेटवरून बोलण्याची सोय त्या देशात बंद ठेवलेली असे, म्हणून मी दूरध्वनीची कार्डे विकत घेई. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी एक प्रकरण तिला दूरध्वनीवरून वाचून दाखवायचे, असा आमचा शिरस्ता होता. कार्डातले पैसे संपत आले की मधेच एक आवाज येई आणि मी वाचनाचा वेग वाढवी. "आई, हळू वाच ना, पैसे संपले तर संपू देत," असे ती एकदा म्हणाली. पुढे २०१९ साली तिथल्या सरकारने नियम बदलला. व्यवसायाची अट गेली. चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि निवासाची सोय, एवढे असले की कुटुंब आणता येऊ लागले. नियम चांगला होता. तोवर मुलगी वीस वर्षांची होऊन पुण्यात शिकत होती.

कामाविषयी सांगायचे तर ते आनंदाचे होते. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६, हिंदीचा ८९१.४३. फळीवर मराठीच्या पुढे फारसी येते, मग रशियन, मग ८९२.७ वर अरबी, मग तुर्की, आणि ८९४.८ पासून द्राविडी भाषा. मल्याळमचा अंक ८९४.८१२. म्हणजे ज्या शाळेत निम्मी मुले केरळची, आणि मराठी व मल्याळी घरे एकाच मजल्यावर समोरासमोर, त्या शाळेच्या ग्रंथालयात या दोन भाषांच्या मध्ये अख्खा इराण, रशिया, अरबस्तान आणि तुर्कस्तान उभा असे. भाषाकुलांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. मुलांना मात्र त्याचे आश्चर्य वाटे, आणि भाषांची कुळे कशी ठरतात हे सांगण्यासाठी मला त्याहून चांगला फळा मिळाला नसता.

नकाशांची गोष्टही तशीच. तिथे समुद्राला 'पर्शियन आखात' म्हटलेले चालत नाही, 'अरबी आखात' लिहावे लागते. युरोपातून मागवलेला प्रत्येक नकाशासंग्रह त्यासाठी पानोपान तपासावा लागे. मुलांना हे विचित्र वाटे. तेव्हा मी त्यांना भारतात येणाऱ्या परदेशी नकाशांवरचा शिक्का आठवून देई, सीमा अधिकृत नसल्याचे सांगणारा. दोन देशांच्या दोन काळज्या, एकाच पुस्तकात. कोणत्या देशाला कोणत्या पानाची भीती वाटते हे कळणे, हाही भूगोलच आहे.

पण मला ज्याविषयी विशेष लिहायचे आहे ती भीती सरकारची नाही. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीच्या वडिलांनी एका हिंदी कादंबरिकेविरुद्ध तक्रार केली. तीतली नायिका आईवडिलांचे न ऐकता शिकायला दुसऱ्या गावी जाते, एवढेच तिचे पाप. पुस्तक कोणत्याही कायद्यात अडकत नव्हते. कोणी अधिकारी आला नव्हता, कोणी विचारले नव्हते. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघे होतो : तक्रार करणारे गृहस्थ, मुख्याध्यापक आणि मी. सर मला म्हणाले, "मॅडम, आपण इथे पाहुणे आहोत. कशाला वाढवायचे?" आणि माझ्या लक्षात आले की खोलीतल्या तिघांच्याही पारपत्रात तोच कागद आहे. तक्रारदाराला त्याच्या कंपनीचा कफील, सरांना आणि मला शाळेचा. ज्याच्यापाशी नाही म्हणण्याची मुभा होती असा माणूस त्या खोलीत नव्हताच. माझे नूतनीकरण दोन महिन्यांवर आले होते, हेही त्या क्षणी मला ठाऊक होते, आणि सरांनाही.

मी एक टिपण लिहून दिले : पुस्तक कोणत्या वयासाठी आहे, त्याची निवड कशाच्या आधारे झाली, आणि ते काढून टाकल्यास कोणता निकष पुढच्या प्रत्येक पुस्तकाला लावावा लागेल. सरांनी ते शांतपणे वाचले. निर्णय मधला झाला. पुस्तक फळीवरून उतरले आणि माझ्या मेजामागच्या कपाटात गेले; मागेल त्याला द्यायचे. तालिकेत त्याची नोंद मी तशीच ठेवली. त्या वर्षी अकरा मुलींनी ते मागून नेले. त्यात तक्रारदारांची मुलगी होती की नाही, हे सांगणे ग्रंथपालाच्या धर्मात बसत नाही.

ग्रंथपालाचे स्वातंत्र्य या विषयावर पुष्कळ लिहिले जाते आणि त्यात बहुधा सरकार, धर्म, बाजार यांची नावे येतात. माझा अनुभव असा की त्याचा उगम नोकरीच्या शाश्वतीत आहे. ज्याचे घर, मुलांची शाळा आणि देशात राहण्याचा हक्क एकाच सहीवर उभा आहे, तो पुस्तकांची निवड करताना ती सही विसरू शकत नाही. त्याला कोणी दटावावे लागत नाही. तो खरेदीची यादी करतानाच काही नावे गाळतो, आणि गाळलेल्या नावांची नोंद कोणत्याही तालिकेत सापडत नाही. अर्थात, हे लिहिताना मला साताऱ्यातली अर्धवेळ ग्रंथपालही आठवते. तिलाही संस्थाचालकांची सही विसरता येत नव्हती. फरक इतकाच की तिला कोणी देशाबाहेर पाठवू शकत नव्हते.

एकांगी चित्र रंगवायचे नसेल तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ हे वर्ष त्या देशाने वाचनाचे वर्ष म्हणून पाळले, त्याच वर्षी वाचनाविषयी स्वतंत्र कायदा केला आणि मार्च हा वाचनाचा महिना ठरवला. आमच्या ग्रंथालयाला जास्तीच्या दोन खोल्या मिळाल्या. शारजाचा ग्रंथमेळा १९८२ पासून भरतो. शाळेच्या बसमधून मुलांना तिथे नेणे हा माझ्या वर्षातला सर्वांत थकवणारा आणि सर्वांत सुखाचा दिवस असे. २०२२ साली दुबईत खाडीकाठी मोहम्मद बिन रशीद ग्रंथालय उघडले. त्याची इमारत कुराण ठेवण्याच्या रेहालीच्या, म्हणजे आपल्या पोथीच्या ठवणीच्या, आकाराची आहे. ग्रंथालयाला इतकी भव्य जागा देणारा देश ग्रंथपालाला दोन वर्षांचा परवाना देतो, ही विसंगती मला खटकते. पण जागा देण्याचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कायदेही बदलले आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीपासून तिथे नवा कामगार कायदा लागू आहे. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला आणि त्याची कागदपत्रे मालकाने ठेवून घ्यायला त्यात मनाई आहे. त्याच वर्षी पारपत्रात चिकटवायचा तो कागद बंद झाला आणि ओळखपत्रच पुरेसे ठरू लागले. माझा शेवटचा परवाना म्हणूनच पारपत्रात दिसत नाही.

परत आल्यापासून ग्रंथालयशास्त्र शिकलेली मुले-मुली सल्ला विचारायला येतात. मी कोणाला जा म्हणत नाही, जाऊ नका असेही म्हणत नाही. नेमणूकपत्रातला पगार आणि परवान्याच्या करारातला पगार एकच आहे ना, ते पाहा. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिणार हे आधी लेखी मागा. पारपत्र स्वतःजवळ ठेवा. मधल्या माणसाला पैसे देऊ नका. नोकरी सोडल्यावर किती दिवस राहता येते हे नोकरी धरण्यापूर्वी विचारून घ्या. आणि पुस्तक काढून टाका असे कोणी तोंडी सांगितले तर उत्तर कागदावर द्या, कागद उरतो.

साताऱ्याजवळच्या त्या शाळेत मी गेल्या वर्षी जाऊन आले. माझ्यानंतर ते पद भरले गेलेले नाही. कपाटांच्या किल्ल्या कार्यालयात असतात. दाखलनोंदवहीतली शेवटची नोंद माझ्याच अक्षरात आहे, जून २००८ ची. आम्ही परदेशी जाऊन काय मिळवले आणि काय गमावले याचा हिशेब आम्ही आपापल्या घरी मांडतोच. त्या शाळेतल्या मुलांचा हिशेब मात्र कोणत्या वहीत मांडायचा, ते मला अजून ठरवता आलेले नाही.