लेकीबरोबर एक रात्र मुंबईत

"आई, शनिवारी आपण दोघीच मुंबईला जायचं. रात्री राहायचंसुद्धा!" लेक म्हणाली. मी म्हटलं, "अगं, आणि ह्यांच्या जेवणाचं काय?" पुण्याहून मी मुंबईला जायची ती लग्नकार्याला, नाहीतर कुणाच्या आजारपणाला.

शेवटी निघालो. १९३० पासून धावणाऱ्या 'डेक्कन क्वीन'मध्ये घरचा डबा तसाच ठेवून कटलेट मागवलं. पैसे लेकीने दिले. मला उगीचच अवघडल्यासारखं झालं! १९२४ साली खुलं झालेलं गेटवे पाहिलं, कुलाब्याला चार वस्तूंची घासाघीस केली, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर टेकलो. दिव्यांचा तो 'राणीचा हार' उजळला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, मला बंगलोरला नोकरी मिळालीय. बाबांना तू सांगशील?"

पोटात खड्डा पडला. पण म्हटलं, "नाही गं, तूच सांग. मी शेजारी बसेन."

रात्री हॉटेलच्या खोलीत दोघी उशिरापर्यंत बोलत होतो. घरी असं कधी होतं का?

रविवारी परतलो तर ह्यांनी पिठलं केलेलं, कढई करपलेली! मैत्रिणींनो, कढई निघते घासून. लेकीबरोबरची ती रात्र मात्र राहून जाऊ देऊ नका.