खाजणातली बाय

वसईत राहायला आले आणि महिन्याभरात माझं दुसरं बारसं झालं. ते केलं स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या एका आजीनं. लाल लुगडं, गळ्यात सोन्याच्या मण्यांबरोबर क्रूस, पुढ्यात मुळ्याच्या चार जुड्या आणि वेलची केळ्यांची एक फणी. रात्रीचे आठ वाजून गेलेले, आणि मी चर्चगेटपासून 52 किलोमीटर उभ्यानं आलेली.

कुठं राहतेस, असं तिनं विचारलं. बोली कादोडी, सामवेदी ख्रिस्ती घरांतली. आहे मराठीच, पण परळच्या चाळीत वाढलेल्या माझ्या कानांना प्रश्न तिसऱ्या खेपेला कळला. मी बिल्डिंगचं नाव सांगितलं. बिल्डरनं ठेवलेलं, इंग्रजी. त्यात एक बाग होती आणि एक टेकडी. जागेवर दोन्ही नव्हती. आजीला काही उमजेना. मग खुणा सुरू झाल्या: शाळेच्या मागं, नाल्याच्या अलीकडं. “मग खाजणात सांग ना,” ती म्हणाली आणि मुळ्याची जुडी पिशवीत कोंबली. त्या दिवसापासून मी खाजणातली बाय.

मला ते एखाद्या आळीचं नाव वाटलं.

नावांच्या बाबतीत वसई तशी अनुभवी. पोर्तुगीजांच्या तोंडी ती बसाईं झाली, इंग्रजांच्या तोंडी बेसिन. 1739च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावर मराठ्यांनी बाजीपूर म्हणून पाहिलं; ते लोकांच्या जिभेवर बसलं नाही. रेल्वेनं आपलं स्टेशन गावापासून लांब बांधलं आणि त्याला बेसिन रोड म्हटलं. पाटी कधीच बदलली, पण रेल्वेच्या खात्यात आमचा कोड अजून बीएसआरच आहे. इथं कुणी भेटलं की पहिला प्रश्न तोच: गावात की स्टेशनला? गावात म्हणजे पारनाका, पापडी, वाड्या, विहिरी, चर्चच्या घंटा. स्टेशनला म्हणजे आम्ही.

ऑफिसात मी ‘लांबून येणारी’. पाऊस जरा वाढला की साहेब म्हणायचे, तुम्ही निघा, तुमचं काही खरं नाही. मला त्यांना सांगावंसं वाटे, पण लोकल चुकेल म्हणून कधी सांगितलं नाही, की 1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली तेव्हा मुंबईची बेटं तिच्याबरोबर गेली. पुढं सव्वाशेहून जास्त वर्षं त्या बेटांचा कारभार वसईहून चाले. तेव्हा मुंबई हे वसईचं उपनगर होतं, आणि तेही इतकं बिनमहत्त्वाचं, की राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना आंदण देऊन टाकलं.

लेडीज डब्यात या इतिहासाला कोण विचारतो! तिथं चौथ्या सीटचा प्रश्न मोठा. नालासोपाऱ्याच्या बायका उलट्या विरारला जाऊन बसून येतात, त्यामुळे गाडी आमच्याकडे येते ती भरूनच. मल्याळी नर्स, भोजपुरी बोलणारी शिवणकामवाली, गुजराती हिशेबनीस, पाचूबंदरची कोळीण, सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर. नायगाव सुटलं की खाडीचे दोन पूल आणि मधे पाणजू बेट. वारा आत येतो, तेवढ्यापुरत्या सगळ्या गप्प होतात, कुणी निर्माल्याची पिशवी दारातून भिरकावते. (ती खाली पाणजूच्या माणसाच्या डोक्यात बसू शकते, हे सांगून मी दोनदा शिव्या खाल्ल्या आहेत.) पूल संपला की गप्पा पुन्हा सुरू. पगार कधी होणार आणि चावी शेजारी ठेवलीये का, या दोन विषयांवर ती गाडी वर्षानुवर्षं चालली आहे. पगार आणि चावी हे दोन्ही शब्द पोर्तुगीज. किल्ला सोडून गेले ते, आमच्या पर्समध्ये एवढं ठेवून.

किल्ल्यात मी रविवारी जाते. आतून रस्ता किल्लाबंदरला जातो. पडक्या चर्चच्या भिंतीवर वडाची मुळं, अंगणात क्रिकेट, कमानीत लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीलाच थडग्यांच्या शिळा आहेत. अक्षरं झिजलेली, वरून बकरी चालत जाते. घंटा मात्र नाहीत. त्या मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, मेणवलीला एक, भीमाशंकरला एक. मी नाशिकला गेले तेव्हा ती घंटा खूप वेळ बघत उभी राहिले. माहेरचं भांडं दुसऱ्याच्या घरी दिसावं तसं झालं. वसई तोवर माझं माहेर कधी झाली होती, कोण जाणे.

2018च्या जुलैची दहा तारीख. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, गाड्या बंद. आमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं ते वरून नाही, जमिनीतून आल्यासारखं आलं. आधी गटाराच्या झाकणाभोवती बुडबुडे, मग मीटरच्या खोलीत, मग पहिल्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर. वीज गेली. चौथ्या पायरीवर एक चिंबोरी बसली होती, नांग्या वर करून, जशी काही आम्हीच तिच्या घरात शिरलो होतो. शेजारच्या जुन्या वाडीत पाणी बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, उतरून गेलं. आमच्या आवारातलं बावखल बुजवून तिथं मुलांची घसरगुंडी केलेली.

त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मला खाजण म्हणजे काय ते कळलं. भरतीचं पाणी जिथं येतं ती सखल, खारी जमीन. आजीनं वीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं.

पाणी ओसरल्यावर मी तिला जाऊन म्हटलं, आजी, आमच्या बिल्डिंगच्या जागी तुमचं काही होतं का? “भात होता,” ती म्हणाली. कुणाचा, ते सांगितलं नाही. मीही पुढं विचारलं नाही. उत्तर काय येईल याचा अंदाज होता आणि हातात तिचीच केळी होती. तिनं पाच रुपये जास्त लावले. मी दिले.

आता मी निवृत्त आहे, पास संपला, तीही रोज बसत नाही. गेल्या गणपतीला मी तिला केळीची पानं आणायला सांगितलं होतं. सकाळी नऊला ती स्वतःच आली, पानांचा भारा रिक्षात आडवा घालून. मी खाली धावले. म्हटलं, फोन करायचा ना, पत्ता कसा सापडला? बिल्डिंगचं नाव तिला अजून येत नाही.

“खाजणात जायचं सांगितलं,” ती म्हणाली.

रिक्षावाला जौनपूरचा. तो बरोबर दारात घेऊन आला होता.